टुनीचे डोळे

९ जानेवारी

ही वही मंदिरादीदीने दिली. म्हणाली, "काका, रोज काय काढलंत, कुठला रंग कशाचा केलात, तेवढं लिहीत जा. पुस्तकाच्या शेवटी छापू." मी म्हटलं, माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. ती हसली, म्हणाली, असू द्या.

कलकत्त्याहून आली होती. लहान मुलांची पुस्तकं छापते, यंदा स्वतःच लिहिलंय. कुणाकडे तरी माझं जुनं चित्र पाहिलं आणि शोधत शोधत दुमक्याच्या पुढे आमच्या गावापर्यंत पोचली. अंगणात बसून सबंध गोष्ट वाचून दाखवली. झुरी नावाची दहा वर्षांची पोर. तिची धाकटी बहीण टुनी तळ्यात बुडते. त्यानंतर घरात कुणी टुनीचं नावच काढत नाही. मग झुरी तळ्याच्या पाण्याखाली उतरते. तिथे एक काळोखं गाव असतं, माणसांचा राग, भीती, लाज सगळं जनावरं होऊन तिथे राहतं. त्यातून वाट काढत ती टुनीला शोधते. शेवटी भेटते, पण टुनी काही परत येत नाही. झुरी एकटीच वर येते. चोवीस चित्रं हवीत.

मी म्हटलं, "दीदी, हे मुलांसाठी? इतकं काळं?"

"का काका, मुलांच्या घरात माणसं मरत नाहीत?"

हो म्हटलं. नऊ वर्षं दुकानांच्या पाट्या आणि शाळेच्या भिंती रंगवतोय, बरं काही हातात आलं तर नाही कशाला म्हणू.

माझी बायको लतिका तेवढा वेळ तांदूळ निवडत होती. म्हणजे बसली होती सूप घेऊन. संध्याकाळी पाहिलं तर तांदूळ होते तसेच. आळशीपणा करायला हिला निमित्तच लागतं.

१३ जानेवारी

रंग. काळा दिव्याच्या काजळीचा. पिवळा हळदीचा. लाल ओढ्याकाठच्या मातीचा. हिरवा शेंगांच्या वेलाच्या पानांचा, तो दोन दिवसांत विटतो, पुन्हा कुटायचा. सगळ्यात बेलाचा डिंक. झालं, दीदीला एवढं पुरे. बाकीचं मी माझ्यासाठी लिहिणार.

१९ जानेवारी

राग काढला. रानडुकराचं अंग, तोंडातून धूर. तीनदा फाडला तेव्हा जमला. लतिकाने मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, "हे तर तुमच्या थोरल्या भावजींचं तोंड."

खरंच निघालं. दोघंही पोट धरून हसलो. या घरात असं हसणं बरेच दिवसांनी झालं.

२७ जानेवारी

आज टुनी काढली. बाकी चित्रांना दोन दोन दिवस लागतात, ही एका बैठकीत आली. हात आपोआप जात होता. जरा पुढे आलेलं कपाळ, एका पायावर दुसरा पाय ठेवून उभी. मी काही ठरवलं नव्हतं, कुंचल्याने ठरवलं.

डोळे पांढरे ठेवले. बाहुल्या नाहीत. दीदीला फोनवर फोटो पाठवला, तिचा लगेच फोन.

"काका, डोळे राहिलेत हो."

तिला सांगावं लागलं. आम्ही जादोपटिया चित्रकर. संथाळांच्या घरी कुणी गेलं की आमचा माणूस चित्र घेऊन तिथे जातो. चित्रात मेलेलं माणूस असतं, पण त्याला बाहुल्या नसतात. दारात उभं राहून आम्ही सांगतो, तुमचं माणूस वाटेत भेटलं, त्याला दिसत नाही, ठेचा खात फिरतंय. घरचे रडतात, नाव सांगतात, आपल्या ऐपतीप्रमाणे काही देतात. मग त्यांच्यासमोर बाहुली घालायची. त्याला दिसायला लागतं आणि ते आपल्या वाटेने जातं. मेलेल्याचे डोळे आधी घालून कुणी घराबाहेर पडत नाही.

दीदीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मग सगळ्या चित्रांत टुनी अशीच राहू दे. फक्त शेवटच्यात डोळे द्या. झुरी निरोप घेते तिथे."

हुशार आहे बाई.

२ फेब्रुवारी

लतिकाचं काय बिनसलंय कळत नाही. दिवसातून दोनदा चित्रांची खोली झाडते. मी काम करत असताना मागे येऊन उभी राहते. आज म्हणते, "वेणी उजवीकडे काढलीत. ती डाव्या खांद्यावर घेते."

गोष्टीतली पोर वेणी कुठे घेते हे हिला कुणी सांगितलं? मी दीदीने दिलेली गोष्ट उघडून दाखवली, कुठे लिहिलेलं नाही. तरी हिचा हेका. शेवटी बदलली. खोटं कशाला बोलू, डावीकडेच शोभली.

आणि कागदाला मुंग्या! पाहिलं तर टुनीच्या चित्रापाशी वाटीभर मुरमुरे आणि खजुराचा गूळ. मी ओरडलो, "हे इथे कुणी ठेवलं?" तर म्हणे, विसरले. खोलीत खायची हिला कधी सवय नव्हती. म्हातारपण, दुसरं काय.

११ फेब्रुवारी

लखाई हांसदा आला. पलीकडच्या संथाळ पाड्यातला, माझ्याच वयाचा. दारातच बसला, आत येईना.

"माझी बायको गेली, भक्तिपद. पौषात."

"ऐकलं."

"ऐकलंस आणि आला नाहीस?"

"मी ते काम सोडलं. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तिला कुठे माहीत आहे? ती आंधळी फिरतेय तिकडे. जिवंतपणी अंगणातलं कुंपण तिला दिसायचं नाही, आता काय दिसणार?"

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला बोलाव. तो म्हणाला, "दुसरा कोण उरलाय? पोरं सगळी सुरतेला गेली." मग उठला. जाताना लतिकाकडे पाहून म्हणाला, "वहिनी, याला जरा समजव."

१२ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही ते आज लिहितो, कुठे तरी लिहायलाच हवं.

नऊ वर्षांपूर्वी मी सात गावं पलीकडे गेलो होतो. त्या साली माणसं खूप गेली होती, म्हणजे आमचा हंगाम. हो, हंगामच म्हणायचो आम्ही. चित्रं आधीच काढून ठेवलेली असायची. म्हाताऱ्याचं एक, बाईचं एक, पोराचं एक. ज्याच्या घरी जो गेला ते चित्र झोळीतून काढायचं. खरं होतं की खोटं? रडणाऱ्यासमोर बसलं की खरं वाटायचं. पुढच्या वळणावर कोंबडी बगलेत मारून चालायला लागलो की वाटायचं, आपण पक्के ठग आहोत.

अकराव्या दिवशी परत आलो. दारात माणसं होती. आमच्या पोरीला तीन दिवस ताप होता आणि आदल्या दिवशीच तिला माती दिली होती. सात वर्षांची होती. माझ्या झोळीत दुसऱ्यांनी दिलेली पितळेची भांडी वाजत होती.

लतिकाने एका शब्दाने विचारलं नाही, कुठे होतात. आजपर्यंत नाही. त्या दिवसापासून मी कुणाच्या दारात गेलो नाही.

आमच्यातल्या मेलेल्याला डोळे द्यायची रीत नाही. चित्रकर दुसऱ्याच्या घरी जातो, चित्रकराच्या घरी कोण येणार?

झालं लिहून. हे पान दीदीला द्यायचं नाही.

२४ फेब्रुवारी

एकोणीस झाली. भीती ससाणा करून काढली, लाज गोगलगाय. दीदी प्रत्येक फोटोवर वेड्यासारखी खूश होते.

५ मार्च

शेवटचं चित्र पुरं झालं. झुरी पाठमोरी, टुनी समोर. आतापर्यंतची सगळ्यांत चांगली टुनी. डोळे पांढरेच ठेवून सगळा गठ्ठा बांधला आणि कलकत्त्याच्या बसवाल्याकडे दिला.

लतिका म्हणाली, "डोळे?"

"दीदीच्या घरी जाऊन घालणार. ज्याचं माणूस त्याच्या दारात घालायचे. इतकी वर्षं माझ्याशी संसार केलास, एवढं कळत नाही? तिची बहीण गेली असणार. त्याशिवाय असलं कुणी लिहितं का? मागे मी फोनवर विचारलं होतं, तुमचं कोण गेलं. तर म्हणाली, मोठी गोष्ट आहे काका, भेटल्यावर सांगते. आता डोळ्यांसाठी ती बोलावेल मला."

लतिका बस वळणाआड जाईपर्यंत रस्त्यावर उभी होती. सासरी निघाल्यासारखी पाठवणी चालली होती कागदांची.

१५ मार्च

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

सकाळी बसवाल्याने पाकीट आणून दिलं. आत सगळी मूळ चित्रं परत, आणि पुस्तक कसं दिसेल त्याचे छापील कागद. सुरेख छापलंय. मी एकेक पान पाहत होतो, लतिका खांद्यावरून. शेवटचं पान उघडलं आणि पाहतो तर टुनीच्या डोळ्यांत बाहुल्या! कुणीतरी संगणकावर घातलेल्या. दोन गोल गोल ठिपके, एक नाकाकडे, एक कानाकडे.

मी शिवी घालणार तोच लतिका किंचाळली.

"माझ्या पोरीला तिरळं कुणी केलं?"

तिने कागद हिसकावला आणि पदराने ते ठिपके पुसायला लागली. छापलेले ठिपके पुसतात का! तरी पुसतेय, पुसतेय. "तिचे डोळे असे नव्हते. सांगा ना त्यांना, असे नव्हते म्हणून. आंधळी होती तरी बरी होती हो."

मी म्हटलं, "अगं, ही टुनी आहे."

ती थांबली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेड्यासारखं बोलतोय. "तुम्हाला माहीत नव्हतं?" म्हणाली. "दीड महिना काढताय तिला. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

मग मी मूळ चित्रं जमिनीवर पसरली. कपाळ. पायावर पाय. डाव्या खांद्यावरची वेणी. नऊ चित्रांत नऊ वेळा माझी लेक आंधळी उभी होती आणि बापाला ओळखू आली नाही.

संध्याकाळी दीदीला फोन केला. रागाने बोलणार होतो, पण एवढंच विचारलं, टुनीचे डोळे कुणी घातले? ती बिचारी घाबरली. "काका, चुकलं का? मला वाटलं, तुम्ही विसरलात. आमच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, मी करून टाकते."

"दीदी, एक खरं सांगा. तुमची बहीण गेली ना?"

"नाही हो काका. मला बहीणच नाही. मी मनानेच लिहिलं. ती मोठी गोष्ट म्हणजे मला हे कसं सुचलं तीच."

"मग टुनी कोणाची?"

तिने कामाचं काढलं. म्हणाली, छापखाना वीस तारखेला सुरू होतो. त्याआधी डोळ्यांचं चित्र पोचलं तर तेच छापू. नाही पोचलं तर आहे तसं जाईल, नंतर काही करता येणार नाही. "जमेल का, काका?"

जमेल म्हटलं. चार हजार मुलांच्या हातात माझी पोर तिरळी जाऊ द्यायची का?

१६ मार्च

सकाळपासून तीनदा कुंचला उचलला. हात चालत नाही. आयुष्यात हजार ठिपके घातले असतील, डोळे मिटून घातले असते. लतिका दारात बसून आहे. घाला म्हणत नाही, नको म्हणत नाही. एकदा फक्त म्हणाली, "तिचे डोळे राहिले म्हणून मला इतकी वर्षं झोप नाही. तुम्हाला सांगून काय करणार होते? तुम्ही तर झोळीच खुंटीला टांगलीत."

दुपारी काजळी सुकून गेली.

१७ मार्च

लखाईकडे गेलो. का गेलो, नक्की सांगता येत नाही. हात चालतो का बघावं म्हणूनही असेल. त्याच्या म्हातारीचं चित्र रात्रीतून काढलं होतं. झोळीतलं तयार चित्र नव्हे, तिचंच, ती कुबड काढून चालायची तसं.

दारात उभा राहिलो आणि बोललो जे बोलायचं असतं ते. लखाई ढसाढसा रडला. नाव सांगितलं. मी बाहुल्या घातल्या, हात जरासुद्धा हलला नाही. त्याने कोंबडी पुढे केली. मी नको म्हटलं तर भडकला. "फुकटचे डोळे घेऊन ती जाईल होय? माझी बायको आहे ती, भिकारीण नाही."

मग मोहाच्या झाडाखाली बसलो दोघं. त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्याकडे हात चालला, घरी का चालत नाही?

तो म्हणाला, "घरी तू बाप असतोस. बाप रडणाऱ्यांत बसतो. डोळे देणारा बाहेरून येतो ना रे? मग तूही बाहेरून जा."

"माझ्याच घरात?"

"मग काय माझ्या? वेडाच आहेस. तुझा धंदा तुला मी शिकवायचा का?"

१८ मार्च

सकाळी अंघोळ केली. ताजी काजळी कालवली. झोळी खुंटीवरून काढून झटकली, तिच्यात शेवटचं चित्र आणि कुंचला ठेवला. लतिका चुलीपाशी होती. तिला काही सांगितलं नाही. मागच्या कुंपणातून बाहेर पडलो, तळ्याला वळसा घालून मोठ्या रस्त्यावर गेलो आणि रस्त्याने गावात शिरलो, परगावचा चित्रकर शिरतो तसा. शेजारणी टकामका पाहत होत्या. पाहू देत.

ही तीच वाट. नऊ वर्षांपूर्वी मी याच वाटेने याच दाराशी आलो होतो. पाय पुढे टाकवेना. तरी टाकले.

हाक मारली, "घरात कुणी आहे का? चित्रकर आलाय."

आतलं भांडं वाजायचं थांबलं. मला वाटलं, आता बाहेर येऊन म्हणेल, डोकं फिरलंय का तुमचं? ती आली. मला पाहिलं, झोळी पाहिली. मग डोक्यावरून पदर घेतला. चटई टाकली. तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

"कुठून आलात?" म्हणाली. अगदी परक्या माणसाला विचारतात तसं.

"लांबून. तुमच्या घरचं एक माणूस वाटेत भेटलं."

"कोण?"

"ते तुम्ही सांगायचं. कोणाच्या नावाने डोळे घालू?"

तिचे ओठ दोनदा हलले. तिसऱ्यांदा आवाज आला.

"टगर," म्हणाली. "आमची टगर."

नऊ वर्षांत या घरात हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं. टगर. लिहितानाही मी आज पहिल्यांदाच लिहितोय.

"कशी आहे ती?" लतिकाने विचारलं.

यापुढचं बोलणं मला तोंडपाठ आहे. ठेचा खातेय, काट्यांतून चालतेय, तुमच्या नावाने रडतेय. असं सांगितलं की घरचे आणखी देतात. मला त्यातलं एक अक्षर बोलवेना. म्हटलं, "बरी आहे. फक्त दिसत नाही तिला."

"काही विचारते का?"

"विचारते," मी म्हटलं, आणि मग जे तोंडून निघालं ते कुठल्याच रीतीतलं नव्हतं. "बाबा का आला नाही, असं विचारते."

लतिका माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज हलला नाही.

"तिला सांगा, बाबा निघाला होता. पायी यायचं म्हणजे वेळ लागतो. त्याने मुद्दाम उशीर केला नाही, हे तिच्या आईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मला समोरचं काही दिसेना. बाहीने डोळे पुसले, चित्र मांडीवर घेतलं, कुंचला बुडवला. पहिली बाहुली. दुसरी. हात हलला नाही. टगर आमच्याकडे पाहत होती, सरळ, जशी पाहायची तशी.

आता चित्रकराला शेवटचं वाक्य बोलायचं असतं. ते मी बोललो. "तिला दिसलं. वाट दिसली. ती निघाली."

लतिकाने चित्राच्या कडेला बोट लावलं, रंग ओला होता म्हणून चेहऱ्याला लावलं नाही. "जा, बाळा," म्हणाली. "सावकाश जा."

किती वेळ बसलो होतो कोण जाणे. चित्र उन्हात वाळलं. दुपारच्या बसने ते कलकत्त्याला जाणार, बसवाल्याला सांगून ठेवलं होतं. मी झोळी उचलून उठलो आणि पुन्हा मागच्या कुंपणाकडे निघालो, कारण आलो तसंच परत जायचं असतं. लतिका दारात उभी होती.

"तिकडून कुठे चाललात?" म्हणाली. "या असे पुढच्या दाराने आत. भात निवतोय."